अकरावी-बारावीचं मानसशास्त्र कसं अभ्यासावं : सांगलीतल्या एका शिक्षिकेच्या अनुभवातून

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासताना एक उत्तर मला दरवर्षी भेटतं. प्रश्न असतो, 'ऋण प्रबलन म्हणजे काय?' आणि उत्तर सुरू होतं, 'मूल चुकलं की त्याला शिक्षा करतात, याला ऋण प्रबलन असे म्हणतात.' अक्षर सुरेख, उदाहरण घरचं, व्याख्येखाली पट्टीनं मारलेली रेघ. गुण शून्य, कारण ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हेच; ते काय, ते पुढं सांगते. आणि लिहिणारी असते वर्गात सगळ्यात उत्साहानं बोलणारी मुलगी, जिला हा विषय मनापासून आवडतो.

भौतिकशास्त्रात असं सहसा होत नाही. मार्केट यार्डात हमाल हळदीचं पोतं डोक्यावर घेऊन तासभर उभा राहिला, तरी भौतिकशास्त्राच्या हिशेबात त्यानं पोत्यावर काही 'कार्य' केलेलं नसतं. हे ऐकून पोरं चक्रावतात, म्हणून तिथं सावध होतात. मानसशास्त्रात मात्र कुणी चक्रावत नाही. बुद्धी, भावना, स्मरण, ताण, व्यक्तिमत्त्व हे सगळे शब्द आपल्या तोंडात आधीपासूनच असतात. रील बघून 'ट्रॉमा' आणि 'टॉक्सिक'ही पाठ झालेले असतात. त्यामुळे पुस्तक वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पेपरात दांडी उडते. पुढं जे सांगणार आहे, ते सगळं या एका दुखण्यावरचं औषध आहे.

प्रवेश घेताना

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीनं होतात. फॉर्म भरताना कॉलेजचं नाव बघून पसंतीक्रम देऊन मोकळं होऊ नका. आपल्या जिल्ह्यात प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र नाही. कला शाखेत ते जास्त ठिकाणी मिळतं, विज्ञान शाखेत मोजक्या ठिकाणी. प्रत्यक्ष जाऊन दोन गोष्टी विचारा : विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, आणि प्रयोग मुलांकडून करून घेतात की फळ्यावरून उतरवून देतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात मिळणार नाही. बारावीतल्या एखाद्या मुलाला गेटपाशी गाठा.

'मार्क पडतात म्हणून घेतला' हे कारण मी वाईट मानत नाही. पण 'समोरच्याच्या मनातलं ओळखता येईल म्हणून' हे असेल, तर आत्ताच थांबा. ते इथं कुणी शिकवत नाही.

वही : तीन रकाने

पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही आणा आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात पाठ्यपुस्तकातली मराठी संज्ञा, जशी छापली आहे तशीच. दुसऱ्यात तिचा इंग्रजी शब्द, उच्चारासह. तिसऱ्यात हा शब्द रोजच्या बोलण्यात कसा वापरतात आणि शास्त्रात त्याहून वेगळा कसा आहे, ते आपल्या भाषेत.

दुसरा रकाना मराठी माध्यमाच्या मुलांना नकोसा वाटतो. पण पदवीनंतर संदर्भपुस्तकं इंग्रजीच हाताळावी लागतात, आणि मराठीतही एकाच गोष्टीला दोन-तीन शब्द फिरत असतात. कुणी 'ऋण प्रबलन' लिहितं, कुणी 'नकारात्मक प्रबलन'. कुणी 'स्वतंत्र परिवर्त्य' म्हणतं, कुणी 'स्वाश्रयी चल'. इंग्रजी शब्द हाताशी असला की दोन पुस्तकं एकच गोष्ट सांगताहेत, हे लक्षात येतं. बोर्डाच्या पेपरात मात्र बालभारतीच्या पुस्तकातलाच शब्द लिहायचा. ही पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

खरी कमाई तिसऱ्या रकान्यात. 'छिन्नमनस्कता' घ्या. शब्द वाचून वाटतं, मनाचे दोन तुकडे झाले, म्हणजे एका माणसात दोन माणसं. सिनेमांनी हा समज पक्का केला आहे. युजेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं १९०८ मध्ये 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द दिला, तेव्हा त्याला विचार, भावना, वर्तन यांचा एकमेकांशी असलेला मेळ तुटणं अभिप्रेत होतं. एका शरीरात अनेक व्यक्तिमत्त्वं ही निराळीच विकृती, तिचं प्रकरणही निराळं. मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द दोन्ही मिळून फसवतात, असं हे उदाहरण.

जोड्या लावा, पण गल्लत होणाऱ्या

सुटी संज्ञा पाठ होत नाही. तिची जुळी बहीण शेजारी उभी केली की चेहरा ओळखू येतो. भय आणि चिंता, संवेदन (ज्ञानेंद्रियांनी टिपणं) आणि अवबोधन (त्याचा अर्थ लावणं), मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, प्रायोगिक गट आणि नियंत्रित गट अशा वीस-पंचवीस जोड्या वर्षभरात जमतात.

सुरुवातीच्या उत्तराकडे परत येते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची ही प्रबलनाची कल्पना दोन प्रश्नांत उकलते. पहिला प्रश्न : वर्तनानंतर काही मिळालं की काही निघून गेलं? दुसरा : ते वर्तन पुढं वाढलं की कमी झालं?

तुम्ही सकाळी अंथरूण उचलेपर्यंत आईची भुणभुण चालू असते. उचललं की थांबते. दुसऱ्या दिवशी तुम्ही जरा लवकर उचलता, कारण भुणभुण नको असते. नकोशी गोष्ट निघून गेली आणि वर्तन वाढलं, म्हणजे ऋण प्रबलन. इथं शिक्षा कुणालाच झालेली नाही. उलट रात्री उशिरा घरी आलात म्हणून वडिलांनी मोबाइल काढून घेतला आणि उशिरा येणं कमी झालं, तर इथंही काहीतरी निघूनच गेलंय, पण वर्तन घटलंय, म्हणून ही शिक्षा. पहाटे उठून वाचल्याबद्दल रविवारी घरात खास तुमच्यासाठी भडंग आलं आणि पहाटेचं उठणं टिकलं, तर धन प्रबलन. प्रबलन धन असो वा ऋण, त्यानं वर्तन वाढतंच. 'ऋण' म्हणजे वाईट नव्हे, ऋण म्हणजे वजाबाकी. गणितातलं ऋण आठवा, बोलण्यातलं 'निगेटिव्ह' विसरा.

मी एवढ्यावर थांबत नाही. प्रत्येकानं स्वतःच्या घरातली तीन उदाहरणं आणायची आणि शेजारच्यानं ती खोडून दाखवायची. निम्मी उदाहरणं खोडली जातात. त्या भांडणात जे कळतं ते माझ्या तासभराच्या बोलण्यानं कळत नाही, हे मी आता मान्य केलंय.

जिथं एकाच गोष्टीचे तीन सिद्धान्त असतात, जसे भावना कशी निर्माण होते याचे, तिथं तिन्हींना एकच प्रसंग द्या. रात्री बोळातून येताना कुत्रं अंगावर आलं. जेम्स-लँग म्हणतात, छाती धडधडली, ती जाणवली, म्हणून भीती वाटली. कॅनन-बार्ड म्हणतात, धडधड आणि भीती बरोबरच. शॅक्टर-सिंगर (१९६२) म्हणतात, धडधडलं आणि 'हे या कुत्र्यामुळं' असा अर्थ लावला, तेव्हा ती भीती झाली. कुत्रं एकच ठेवलं की फरक लख्ख दिसतो. तीन पुस्तकांतली तीन उदाहरणं घेतलीत, की उदाहरणांचाच गोंधळ होतो.

आकडा असेल तिथं हातानं करून बघा. बुद्धिगुणांक म्हणजे मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १००. हे सगळ्यांना येतं. पण मानसिक वय ११ वर्षे ३ महिने आणि शारीरिक वय १२ वर्षे ६ महिने दिलं, की पोरं ११.३ भागिले १२.६ करून बसतात. आधी महिने करा : १३५ भागिले १५०, म्हणजे ९०.

आठवड्याचा अभ्यास : पुस्तक मिटून

हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेली निरर्थक अक्षरं पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त विसरली जातात आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. हा प्रयोग आपण परीक्षेसाठी वाचतो आणि स्वतःच्या अभ्यासाला लावत मात्र नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढं. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं. 'काल रात्री सगळं येत होतं मॅडम' या तक्रारीचं उत्तर यात आहे. काल रात्री पाच मिनिटांनंतरची चाचणी झाली होती.

म्हणून कॉलेजात जे शिकवलं ते त्याच संध्याकाळी कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, आठवेल तसं लिहा. मग पुस्तक उघडून लाल पेननं राहिलेलं भरा. तोच कागद तीन दिवसांनी, मग रविवारी, मग महिन्यानं. दर वेळी लाल शाई कमी झाली पाहिजे. कमी होत नसेल तर पाठांतर कमी पडतंय असं नाही, संकल्पना कळलेली नाही. तिसऱ्या रकान्याकडे जा.

प्रयोग स्वयंपाकघरात करा

विल्हेल्म वुंटनं १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, भारतात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात एन. एन. सेनगुप्तांच्या पुढाकारानं विभाग सुरू झाला, ही सनं सगळ्यांना पाठ असतात. प्रयोगात नेमकं काय होतं हे मात्र स्वतः एक तरी केल्याशिवाय कळत नाही. त्याला उपकरणं लागत नाहीत.

बारा निरर्थक शब्द तयार करा : टेखुम, झापिद, वोरूस, नगीब असे. बारा रोजचे शब्द घ्या : हळद, पूल, चटणी, पाऊस. प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर, प्रत्येक चिठ्ठी दोन सेकंद दाखवायची, मग मिनिटभर थांबून आठवतील तेवढे लिहून घ्यायचे. एका विद्यार्थिनीनं हा प्रयोग आजीवर केला. आजीनं रोजचे शब्द नऊ सांगितले, निरर्थक फक्त तीन, आणि त्या तिनांत 'झापिद' होता. मुलीनं विचारलं, हाच कसा लक्षात राहिला? आजी म्हणाली, "झापड म्हणायचं होतं तुला, लिव्हायला चुकलीस."

आजीनं मानसशास्त्रज्ञांचा अख्खा मुद्दा सांगून टाकला. निरर्थकाला अर्थ चिकटला की ते टिकतं. मुलीनं हे अंतर्निरीक्षणाच्या (प्रयोगाला बसलेल्यानं स्वतःच्या मनातलं सांगण्याच्या) रकान्यात जसंच्या तसं लिहिलं, आणि मला वाटतं प्रयोगांच्या जर्नलमधलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

दुसरा प्रयोग स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, १९३५ चा. 'लाल' हा शब्द हिरव्या पेननं, 'निळा' लाल पेननं असे वीस शब्द लिहा आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावा. तुम्ही अडखळाल. मग घरातल्या नुकत्याच अक्षरओळख झालेल्या पोराला बसवा. ते तुमच्याइतकं अडखळत नाही, कारण त्याचं वाचन अजून आपोआप होत नाही.

अहवाल लिहिताना क्रम सोडू नका : समस्या, अभ्युपगम (निकाल काय येईल याचा आधी मांडलेला अंदाज), स्वतंत्र चल, आश्रयी चल, नियंत्रित चल, साहित्य, कार्यपद्धती, तक्ता, निष्कर्ष. चल ओळखण्याची साधी युक्ती : प्रयोग करणाऱ्यानं जे बदललं ते स्वतंत्र, मोजलं ते आश्रयी, सगळ्यांना सारखं ठेवलं ते नियंत्रित. आजीच्या प्रयोगात शब्दांचा प्रकार, आठवलेल्या शब्दांची संख्या आणि ते दोन सेकंद.

निकाल अपेक्षेच्या उलट आला तर आकडे बदलू नका. का आला ते लिहा. बदललेले आकडे तपासणाऱ्याला चटकन कळतात, फार गुळगुळीत असतात.

वीस गुणांचा प्रकल्प

लेखी परीक्षा ८० गुणांची, उरलेले २० अंतर्गत. त्या वीस गुणांसाठी 'मोबाइलचे दुष्परिणाम' हा विषय दरवर्षी अर्धा वर्ग घेतो आणि सगळ्यांचे निष्कर्ष सारखेच निघतात. सांगलीकरांच्या घरात याहून मोठा विषय पडून आहे : २०१९ चा महापूर.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आज अकरावी-बारावीत असलेली मुलं तेव्हा प्राथमिकच्या शेवटच्या वर्गांत होती. घरातल्या तिघांना वेगवेगळं बसवून तेच पाच प्रश्न विचारा. पाणी कितव्या पायरीला आल्यावर घर सोडलं? वार कोणता? बाहेर कशातून पडलो, नावेतून की ट्रॅक्टरमधून? पहिली रात्र कुठं काढली? सोबत काय घेतलं? प्रत्येक उत्तरापुढं 'किती खात्री आहे' हे एक ते पाचमध्ये लिहून घ्या. मग त्या दिवसांची वर्तमानपत्रं, मोबाइलमधल्या फोटोंवरच्या तारखा यांच्याशी ताडून पाहा.

ब्राउन आणि कुलिक यांनी १९७७ मध्ये अशा ठसठशीत आठवणींना 'फ्लॅशबल्ब' स्मृती म्हटलं, म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश पडून टिपल्यासारख्या. पुढं १९८६ मध्ये चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर आणि हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी कुठं, कशी कळली' ते लिहून घेतलं आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं. कित्येकांच्या हकिकती बदलल्या होत्या, खात्री मात्र ठाम होती. तुमच्या घरातही आई म्हणेल नाव, बाबा म्हणतील ट्रॅक्टर, आणि दोघंही पाचपैकी पाच देतील. प्रकल्प तिथून सुरू होतो.

काही पथ्यं मात्र पाळा. आधी परवानगी घ्या. प्रकल्पात नावं लिहू नका, 'व्यक्ती अ', 'व्यक्ती ब' लिहा. ज्या घरात पुरात माणूस गेलं, त्या घरात हे प्रश्न घेऊन जाऊ नका. बोलता बोलता कुणाचा आवाज भरून आला, की वही मिटा आणि चहा मागा. 'तुझं आठवतंय ते चूक आहे' असं कुणाला सांगू नका. तुम्ही निकाल द्यायला गेलेले नाही.

विकृतींचं प्रकरण

हे प्रकरण शिकवायला घेतलं, की आठवडाभर कॉलेजच्या कट्ट्यावर निदानं चालू होतात. भिंतीवरची तसबीर सरळ करणाऱ्याला ओसीडी (मंत्रचळ), दोन दिवस गप्प असलेल्याला डिप्रेशन. स्वतःतही सगळी लक्षणं दिसू लागतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही हे होतं, घाबरू नका. पण निकष काटेकोर वाचा. डीएसएम-५ ही मानसिक विकृतींच्या निदानाची अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची २०१३ ची नियमावली. तिच्यात तीव्र नैराश्यासाठी नऊपैकी किमान पाच लक्षणं किमान दोन आठवडे, आणि रोजच्या जगण्यात अडथळा येईल इतकी, असं मोजमाप आहे. पेपर अवघड गेला म्हणून दोन दिवस रडणं त्यात बसत नाही. अंगात येणाऱ्या शेजारच्या काकूंनाही प्रकल्पात 'छिन्नमनस्क' करून टाकू नका. समाजात मान्य असलेला अनुभव पारखताना संस्कृती ध्यानात घ्यावी, हे नियमावलीच सांगते.

आणि वाचताना खरोखरच वाटलं, की हे माझ्याबद्दल आहे, आठवड्यामागून आठवडे आहे, जगावंसं वाटत नाही, तर ते वहीत लिहून ठेवू नका. घरात किंवा शिक्षकांना सांगा, किंवा १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

उत्तर लिहिताना

पहिल्या वाक्यात व्याख्या, दुसऱ्यात ती कुणाची, मग मुद्दे, मग एक उदाहरण. उदाहरण स्वतःचं असेल तर तपासणारा थांबून वाचतो. एकाच गाइडमधलं उदाहरण शंभर पेपरांत वाचून तोही कंटाळलेला असतो. 'फरक स्पष्ट करा'मध्ये दोन स्वतंत्र टिपा लिहू नका. मुद्दा समान धरून दोन्ही बाजू समोरासमोर मांडा. नावाबद्दल खात्री नसेल तर ते गाळा. फ्रॉइडच्या तोंडी स्किनर घातलात तर पूर्ण उत्तर संशयात येतं.

जानेवारीपासून जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा, तीन तास सलग, एका बैठकीत. घरी पंखा, चहा, मोबाइल असताना सोडवलेला पेपर हा निराळाच पेपर असतो.

पुढं काय, असं वडील विचारतात तेव्हा

गेल्या जूनमध्ये एक पालक प्रवेशाआधी भेटायला आले होते. हळदीचे व्यापारी. "मॅडम, पोरगी हुशार आहे. ह्यातनं पोटापाण्याचं काय हुतंय ते सांगा." मी त्यांना रस्ता सांगितला, तोच इथं लिहिते.

बारावीनंतर मानसशास्त्रात बी.ए., काही ठिकाणी बी.एस्सी., मग एम.ए. किंवा एम.एस्सी. केंद्रीय विद्यापीठांत जायचं असेल तर सीयूईटी या सामाईक प्रवेशपरीक्षेत मानसशास्त्र हा विषय घेता येतो. पदव्युत्तर शिक्षणानंतर शाळा-महाविद्यालयांत समुपदेशन, कंपन्यांत मनुष्यबळ विभाग, सेट-नेट देऊन अध्यापन अशा वाटा आहेत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र वैकल्पिक विषय आहे. रुग्णांबरोबर काम करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी हवी. औषधं लिहून देणारा मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर वाट एमबीबीएसवरून जाते. ती बारावी कलेतून निघत नाही, हे अकरावीतच माहीत असलेलं बरं. बारावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स करून 'काउन्सेलर' अशी पाटी लावणारे पाहिलेत मी. त्या वाटेला जाऊ नका.

त्यांनी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि विचारलं, "दुकान सांभाळत घरबसल्या करता येईल का हे?" आता नाही. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम बंद करायला सांगितले आहेत. बारावीनंतर कुणी 'घरी बसून मानसशास्त्राची डिग्री' अशी जाहिरात दाखवली, तर फी भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते स्वतः पाहा.